पन्नास पावलांच्या आत

शनिवारवाड्याची जागा कशी ठरली, ही गोष्ट आमच्या शनिवार पेठेत कुणालाही विचारा. थोरले बाजीराव मुठेकाठच्या माळावरून चालले असताना एक ससा चक्क शिकारी कुत्र्याच्या मागे लागलेला त्यांना दिसला. ज्या मातीत सशाला एवढं बळ येतं तिथेच वाडा बांधायचा, असं त्यांनी ठरवलं. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झाली आणि वार शनिवार होता, एवढं इतिहासातलं, ससा आख्यायिकेतला. विजयनगर आणि अहमदाबाद यांच्या स्थापनेच्या कथांतही तो असाच कुत्र्यामागे धावतो. गोष्ट गावोगाव फिरली आणि टिकली, कारण सावज शिकाऱ्याला भारी पडलेलं ऐकायला माणसाला मनापासून आवडतं.

बंदूक आल्यापासून तशी शक्यता फारशी उरली नाही. दुर्बीण लावलेल्या रायफलीने तीनशे मीटरवरून बार टाकला, तर आसपास माणूस आहे याचा जनावराला पत्ताही लागत नाही. तीरकामठ्याची गोष्ट वेगळी. मोठ्या हरणावर बाण सोडायचा तर शिकाऱ्याला त्याच्यापासून पन्नास पावलांच्या आत यावं लागतं आणि एवढ्या अंतरावर जनावराचं नाक, कान, डोळे तिन्ही माणसापेक्षा सरस ठरतात. तिथपर्यंत पोचायचं कसं, यावर एक आख्खी विद्या उभी आहे. मी शिकार करत नाही आणि आपल्या डोंगरांत ती व्हावी असंही मला वाटत नाही. पण जनावराच्या सवयींचं, वाऱ्याचं आणि डोंगराचं जे ज्ञान या विद्येत साठलं आहे ते थोर आहे, आणि सह्याद्रीत हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

ही विद्या आज सर्वांत जोमाने दिसते ती अमेरिकेच्या रॉकी पर्वतात. पेठेतल्या कितीतरी घरांची पुढची पिढी तिकडे आहे. माझा भाचा डेन्व्हरला असतो. सप्टेंबर लागला की त्याच्या ऑफिसातली निम्मी माणसं आठवडाभर रजा टाकून डोंगरात जातात, धनुष्य घेऊन, एल्कच्या मागे. एल्क म्हणजे वापिटी नावाचं प्रचंड हरीण. खांद्याशी दीड मीटर उंच, नराचं वजन तीनशे किलोच्या वर आणि डोक्यावर दर वर्षी गळून पुन्हा उगवणारी, एकेका बाजूला सहा-सहा टोकांची शिंगं. आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर काश्मिरातल्या दाचिगामचा हंगुल घ्या. तो याच गोतावळ्यातला, आणि आता जेमतेम काही शेकड्यांत उरलेला. सह्याद्रीत त्या मापाच्या जवळ जाणारं हरीण एकच, सांबर. नात्याने ते जरा लांबचं, पण सवयींनी बरंच जवळचं.

एल्कमागे जाणाऱ्या शिकाऱ्याच्या हातात जे धनुष्य असतं, ते बघायला मात्र अमेरिकेत जायला नको. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. दोघांचाही सराव साताऱ्याचा आणि दोघांच्याही हातात कंपाउंड धनुष्य. हे धनुष्य मुळात हरणाच्या शिकारीसाठी जन्मलं. मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन या माणसाने साध्या धनुष्याच्या पात्यांची टोकं कापून तिथे चाकं बसवली, १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली त्याला ते मिळालं.

चाकांची गरज का पडली? साधं धनुष्य जसजसं ओढाल तसतसं जड होत जातं आणि पूर्ण ओढलं की सगळा भार बोटांवर येतो. त्या अवस्थेत काही सेकंद थांबणंही कठीण. शिकाऱ्याला तर थांबावंच लागतं. हरीण झाडाआड असतं, मान वळवून बघत असतं, एक पाऊल पुढे टाकायला मिनिटभर लावतं. आणि धनुष्य ओढण्याची हालचाल त्याची नजर दुसरीकडे असतानाच उरकावी लागते. अ‍ॅलनच्या चाकांचा आस मध्यावर नसून एका बाजूला असतो. दोरी ओढताना चाक फिरतं, सुरुवातीला भार झपाट्याने वाढतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उतरतो. ओढायला तीस किलो लागणारं धनुष्य पूर्ण ओढल्यावर पाच-सहा किलोंवर तोलून धरता येतं. साठवलेली ताकद पात्यांत तशीच राहते.

एका सरावाच्या मैदानावर एका शाळकरी मुलीने मला तिचं धनुष्य ओढू दिलं होतं. आधी म्हणाली, "काका, बाण न लावता दोरी सोडायची नाही हं, पाती फुटतील." बाण नसला की सगळा झटका धनुष्याच्याच अंगावर येतो, म्हणून हा धडा पहिल्या दिवशी शिकवतात. मी ओढायला लागलो. अर्ध्यात कोपर थरथरायला लागलं, आता काही येत नाही असं वाटलं, आणि तेवढ्यात भार नाहीसाच झाला. दोरी गालाशी येऊन टेकली आणि जणू भिंतीला लागल्यासारखी थांबली. दोरीत बसवलेल्या बारीक छिद्रातून समोरची निशाणी दिसत होती. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं. ती मुलं त्यात बाणावर बाण घालत होती.

डोंगरात हीच करामत पुरत नाही. शिकारीच्या बाणाचं वजन साधारण तीस ग्रॅम, वेग सेकंदाला ऐंशी-पंच्याऐंशी मीटर. त्याची ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपास भरते. मोठ्या हरणासाठी वापरतात त्या रायफलीच्या गोळीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. गोळी धक्क्याने आणि फाडण्याने मारते. बाण कापतो. पुढे वस्तऱ्यासारखी धारदार पोलादी पाती असतात आणि ती दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, तर जनावर शंभरेक मीटरच्या आत कोसळतं. हाड आडवं आलं किंवा बाण वीतभर मागे लागला, तर ते जखमी अवस्थेत मैलोगणती जातं. म्हणून अनुभवी शिकारी समोरून आलेल्या जनावरावर बाण सोडतच नाहीत. ते आडवं उभं राहावं, पुढचा पाय किंचित पुढे टाकलेला असावा, म्हणजे खांद्याचं हाड बाजूला सरून फुप्फुसं उघडी पडतात, याची वाट बघतात. तो क्षण न आल्यास ओढलेलं धनुष्य हळूच उतरवून ठेवतात. या संयमाबद्दल मला आदर वाटतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी धनुष्याला हात लावू नये.

त्यात आणखी एक अडचण आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे बाणाच्या चौपट वेगाने. पस्तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज एक दशांश सेकंदात ऐकू येतो आणि बाण पोचायला चार दशांश लागतात. मधल्या तीन दशांशांत बावचळलेलं हरीण उडी मारायच्या तयारीत पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. अंतर वाढवलं की ही फट वाढते. पन्नास पावलांची मर्यादा अशी गणितातून येते, मर्दुमकीतून नव्हे.

उताराचंही गणित आहे. बाण खाली पडतो तो आडव्या अंतराच्या हिशेबाने. तीस अंशांच्या उतारावर चाळीस मीटर खाली उभ्या जनावरासाठी नेम पस्तीस मीटरचा धरावा लागतो, नाहीतर बाण वरून जातो; आणि चढावर नेम धरतानाही हाच हिशेब. सपाट मैदानावर शिकलेला तिरंदाज डोंगरात पहिल्यांदा हमखास इथे फसतो.

पण सर्वांत मोठा विषय वारा. एल्कला दिसलात तर तो क्षणभर थांबून बघतो, ऐकू आलात तर कान टवकारतो; वास आला की मात्र विचार न करता पळतो. म्हणून सगळी चाल वाऱ्यावर बेतलेली असते. पहाटे सिंहगड चढणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. उजाडण्याआधी ओढ्याच्या वाटेने गार झुळूक वरून खाली येत असते आणि पायांना लागते. नऊ-दहानंतर कातळ तापला की तोच वारा दरीतून वर चढायला लागतो. रात्री उताराची जमीन थंड होते, तिला चिकटलेली हवा जड होऊन घरंगळते. दिवसा तीच हवा तापून हलकी होते. रॉकीजमध्ये हेच चक्र जास्त जोरात चालतं. एल्क रात्रभर खालच्या कुरणांत चरतो आणि पहाटे वरच्या दाट सूचिपर्णी झाडीत विश्रांतीला निघतो. म्हणून शिकारी पहाटे त्याच्या खालून, मागोमाग चढतो, कारण वारा त्याचा वास खाली दरीत घेऊन जात असतो. ऊन वर आलं की त्याला बाजूने वळसा घालून वरच्या अंगाला जावं लागतं. वारा पालटण्याची मधली अर्धी-पाऊण घटका सर्वांत वाईट. तेव्हा झुळूक गोल गोल फिरते आणि शहाणा माणूस गप्प बसून राहतो. खिशात बारीक पुडीची बाटली असते, ती दाबून धूर कुठे जातो ते दर थोड्या वेळाने बघायचं. आपल्याकडचे जुने पारधी चिमूटभर राख किंवा धूळ सोडून हेच बघत.

हा प्रदेश अडीच ते साडेतीन हजार मीटरवरचा. कळसूबाई १६४६ मीटर आणि तेच आपलं सर्वोच्च टोक. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो. चढून धाप लागलेल्या माणसाचा हात स्थिर राहत नाही, म्हणून नेम धरण्याआधी श्वास बसवण्याची सवय उन्हाळाभर करावी लागते.

सप्टेंबरच का, तर तो एल्कच्या माजाचा काळ. एरवी मुकाट राहणारा नर तेव्हा ओरडतो. खर्जात सुरू होऊन तो आवाज चढत चढत लांब, कर्कश शिळेवर जातो आणि दोन-चार हुंकारांनी संपतो. एवढ्या दांडग्या देहातून इतका तार आवाज निघेल यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. चिखलात लोळून, स्वतःच्या मुताने अंग माखून, शिंगांनी झाडांच्या साली सोलून तो आपली हजेरी लावतो. आपला सांबरही हेच करतो. त्याचा माज बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या तोंडाशी येतो. चिखलातली लोळण आणि साल घासलेली झाडं भीमाशंकर, कोयनेच्या रानात माग काढणाऱ्याला बरोबर सापडतात. सांबराचा 'ढाँक' हा इशारा मात्र वेगळ्या कामाचा. तो वाघ-बिबट्याची चाहूल सांगतो.

शिकारी एल्कच्या या आवाजाची नक्कल करतात, मादीच्या हलक्या म्यावसारख्या सादेचीही. दोघे असले तर साद घालणारा चाळीस-पन्नास मीटर मागे बसतो आणि धनुष्यवाला पुढे दबा धरतो, कारण नर आवाजाच्या रोखाने येतो खरा, पण जिथून मादी दिसायला हवी तिथे येऊन थबकतो. दिसली नाही तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालून वास घेतो. पुढचा माणूस नेमका त्या वळशाच्या वाटेत बसलेला असावा लागतो. सावजाच्या जातभाईचा उपयोग करून त्याला जवळ आणण्याची युक्ती आपल्याकडेही जुनी. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या विनोदांत मृगयेचं प्रकरण आहे आणि पाळलेल्या हरणाकडून रानातली हरणं भुलवण्याची रीत त्यात येते. याच ग्रंथात मराठीतल्या गाण्यांचे जुने उल्लेख सापडतात, म्हणून आपल्याकडे तो जास्त ओळखला जातो.

अमेरिकेत ही विद्या मध्यंतरी जवळजवळ विसरली गेली होती. ती परत आली एका माणसामुळे. १९११ साली कॅलिफोर्नियात ऑरोव्हिल गावापाशी एक उपाशी, एकटा आदिवासी पुरुष रानातून बाहेर आला. 'याही' नावाच्या जमातीतला तो शेवटचा; बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवलं होतं. त्याने आपलं नाव कधीच सांगितलं नाही, म्हणून लोक त्याला 'इशी' म्हणत. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं. तिथल्या इस्पितळातला डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला, बाण घासायला, सावजाला बोलवायला शिकला. शिकारीला जायच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे आणि पहाटे अंघोळ करून निघे, सगळं वासासाठी. १९१६ साली क्षयाने तो गेला. पोपने १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, ते वाचून हजारो लोक तिकडे वळले, आणि १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यासाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम ठेवला. ज्याच्या लोकांना बंदुकांनी मारलं, त्याच्या धनुष्यावर आज एवढा मोठा छंद आणि बाजार उभा आहे. शिकारीच्या प्रत्येक पुस्तकात हे पहिल्या पानावर यायला हवं.

बाण लागल्यानंतरचं काम तर मला सर्वांत शिकण्याजोगं वाटतं. लगेच मागे धावायचं नाही. अर्धा तास जागच्या जागी बसायचं, जनावर कुठल्या झाडाशी दिसेनासं झालं ते मनात पक्कं करायचं आणि मग बाण शोधायचा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसं. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, आणखी काही तास थांबा. हिरवट, आंबूस काही लागलं असेल तर पोट, आणि मग सात-आठ तास हलायचं नाही. घाई केली तर जनावर उठून दूर जातं आणि कायमचं हरवतं. मग पानापानावरचा थेंब बघत, शेवटच्या थेंबाशी खूण ठेवत पुढे सरकायचं. मिळालं की खरं कष्टाचं काम सुरू. हाडं काढून शंभर किलोंच्या आसपास मांस निघतं. गाडीरस्ता कोसभर दूर असतो, म्हणून ते पाठीवरून तीन-चार खेपांत खाली न्यायचं आणि उन्हाने खराब होण्याआधी न्यायचं. बहुतेक राज्यांत खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं गुन्हा आहे.

तिकडे हे चालतं, कारण त्याभोवती हिशेब आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेत एल्क लाखाच्या आत उरले होते. मग परवाने, हंगाम आणि नर-मादीची मोजून दिलेली संख्या आली. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी बांधून दिला, पुढे धनुष्य-बाणांवरही तो लागला. आज एल्क दहा लाखांच्या घरात आहेत आणि सर्वांत जास्त कोलोरॅडोत.

हा नमुना इकडे आणावा असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. सह्याद्रीत सांबर आधीच विरळ आहे, आणि जे आहे ते वाघ, बिबटे आणि कोळसुंद्यांच्या वाट्याचं आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकायचा तर आधी सांबर वाढायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली ते योग्यच झालं. एक हळहळ मात्र राहते. सातपुड्यातल्या भिलांचा तीरकामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूचीच, सालीच्या चिवट पट्टीची. पावसात भिजून ढिल्या पडणाऱ्या तातीपेक्षा ती त्या रानाला जास्त मानवते. नंदुरबारच्या होळ्यांत आणि लग्नांत तो कामठा अजून खांद्यावर दिसतो, पण माग काढण्याची, वारा ओळखण्याची विद्या जाणणारे म्हातारे कमी होत चालले आहेत, आणि ते सांगतात ते टिपून ठेवणारे त्याहून कमी.

या विद्येचा बाणाशिवायचा उपयोग आपल्याकडे दर वर्षी होतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधतं आणि चांदण्यात पाण्यावर येणारे प्राणी मोजतं. ताडोबा, मेळघाटात होतं तसं आमच्या पुणे जिल्ह्यात भीमाशंकरलाही. नाव आधी नोंदवावं लागतं. जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: त्या दिवशी अत्तर, सुगंधी साबण, तंबाखू काहीही नको, कपडे कुरकुरणारे नकोत, आणि वनरक्षकाने परवानगी दिली तर दिवस मावळायच्या आत पाणवठ्यावर चिमूटभर राख सोडून बघा. ती पाण्याकडे जात असेल तर मचाणाची बाजू बदलता येते का, हे तिथल्या माणसाला लगेच विचारा, कारण अंधार पडल्यावर सांबर वाऱ्याच्या खालच्या अंगानेच पाण्यावर उतरतं.